हस्तलिखित सातबारा ते डिजिटल अभिलेख : शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

आजचे युग हे माहिती तंत्रज्ञानाचे युग म्हणून ओळखले जाते. शासकीय कार्यालये, सहकारी संस्था, बँका, कारखाने व महाविद्यालये यांच्या कारभारात कागदी दप्तराची जागा इलेक्ट्रॉनिक अभिलेख घेत आहेत. या स्थित्यंतराची चर्चा बहुधा वेग, जागेची बचत आणि खर्च या तीन मुद्द्यांभोवती फिरते. जुन्या कागदावरील कोणती नोंद नव्या माध्यमात पोहोचली आणि कोणती मागे राहिली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

महाराष्ट्रातील भूमिअभिलेखांचे संगणकीकरण हे या स्थित्यंतराचे सर्वांत व्यापक उदाहरण होय. राज्यातील सुमारे अडीच कोटी सातबारा उतारे हस्तलिखित स्वरूपातून संगणकात आणले गेले. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या ग्रामीण तालुक्यांच्या संदर्भात या प्रक्रियेचा मागोवा घेऊन, इलेक्ट्रॉनिक अभिलेख व्यवस्थापन स्वीकारणाऱ्या संस्था व व्यवसायांना त्यातून कोणते धडे मिळतात याचा शोध प्रस्तुत शोधनिबंधात घेतला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

१) भूमिअभिलेखांच्या लेखनपरंपरेतील प्रमुख टप्पे स्पष्ट करणे. २) सातबारावरील ‘इतर हक्क’ या स्तंभाचे सामाजिक महत्त्व विशद करणे. ३) संगणकीकरणाच्या अनुभवातून उत्तम कार्यपद्धतीची सूत्रे मांडणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, नियम व न्यायनिर्णय यांचा आधार घेतला आहे.

दप्तराची परंपरा :

मराठेशाहीचा महसुली कारभार मोडी लिपीत चालत असे. गावपातळीवर कुलकर्णी व परगणा पातळीवर देशपांडे यांच्याकडे जमाबंदीची कागदपत्रे असत. ही कागदपत्रे कापडी रुमालात बांधून ठेवली जात. ‘रुमाल’ हा शब्द आजही अभिलेख कक्षांत गठ्ठ्याच्या अर्थाने वापरला जातो. १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यावर हा प्रदेश इंग्रजांच्या अमलाखाली आला. १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी घडवलेली मोजणी व आकारणीची पद्धत पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र लागू झाली. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमाने तिला एकसंध कायदेशीर चौकट दिली.

या काळातील अभिलेख हा मूलतः सारावसुलीचा कागद होता. सारा कोणी भरावयाचा एवढेच त्यातून कळे. प्रत्यक्ष नांगर धरणारे कूळ, गहाण घेणारा सावकार किंवा वहिवाटीचा हक्कदार यांची दखल घेण्याची त्यात फारशी सोय नव्हती. १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्याने प्रथमच खातेदाराबरोबर इतरांचे हितसंबंधही नोंदवण्याची तरतूद केली. १९१३ मध्ये ही तरतूद जमीन महसूल अधिनियमात समाविष्ट झाली. कराचा कागद हक्काचा कागद होण्याचा हा क्षण ग्रामीण महाराष्ट्राच्या इतिहासात अत्यंत महत्त्वाचा मानला पाहिजे. पुढे अँडरसन यांच्या नियमपुस्तिकेने गाव नमुन्यांना शिस्त आणली. स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आणि तिच्याखालील १९७१ चे हक्कनोंदणी नियम यांनी ही व्यवस्था आजच्या रूपात स्थिर केली.

सातबाराची रचना व ‘इतर हक्क’ :

गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख व गाव नमुना १२ म्हणजे पिकांची नोंद. या दोहोंच्या एकत्रित उताऱ्यास सातबारा म्हणतात. त्यावरील प्रत्येक नावामागे गाव नमुना ६ मधील फेरफार क्रमांक उभा असतो. पारंपरिक पद्धतीत कमी झालेले नाव खोडून टाकले जात नसे. ते कंसात घेऊन नव्या नोंदीचा क्रमांक वर्तुळात लिहिला जाई. त्यामुळे एकाच पानावर जमिनीचा वर्तमान आणि भूतकाळ दोन्ही वाचता येत. संहितेच्या कलम १५० नुसार तलाठ्याने नोंद घेतल्यावर तिची प्रत चावडीवर लावणे, हितसंबंधितांना कळवणे, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत देणे आणि त्यानंतरच मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करणे असा क्रम ठरला. कलम १५७ नुसार अशी नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. नोंदीला मिळणारी ही प्रतिष्ठा तिच्या मागील जाहीर वाचन व हरकतीच्या संधीतून येते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

सातबाराच्या उजवीकडील ‘इतर हक्क’ हा स्तंभ वरवर पाहता दुय्यम वाटतो. वस्तुतः दुर्बल घटकांचे कायदेशीर अस्तित्व पुष्कळदा याच स्तंभात असते. १९४८ च्या कूळकायद्याखालील कुळाचे नाव, सहहिस्सेदार भगिनींचे नाव, विहिरीतील हिस्सा, हस्तांतरणावरील निर्बंध अशा नोंदी येथे येतात. १९७४ मध्ये संहितेत समाविष्ट झालेल्या कलम ३६ अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन पूर्वमंजुरीशिवाय बिगर आदिवासीकडे हस्तांतरित करता येत नाही. त्या निर्बंधाचा शेरा सातबारावरून गळाला तर कायदा कायम राहूनही व्यवहारात त्याचे संरक्षण क्षीण होते.

शहापूर व मुरबाडचे वेगळेपण :

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले. त्यांपैकी शहापूर व मुरबाड हे प्रामुख्याने ग्रामीण तालुके होत. शहापूर तालुका संपूर्णतः व मुरबाड तालुक्यातील ७७ गावे १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित क्षेत्रात मोडतात. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली या जमातींची येथे मोठी वस्ती आहे. भातखाचरांबरोबरच राबासाठी लागणारी वरकस जमीन आणि वनजमिनीवरील एकसाली लागवड हे येथील शेतीचे वैशिष्ट्य राहिले आहे. एकसाली वहिवाटदाराकडे सातबारा नसे. वनखात्याची दंडाची पावती हाच अनेकदा त्याच्या कसण्याचा एकमेव लेखी पुरावा असे.

दुसरीकडे या भागातील जमिनीला बाहेरून सतत मागणी राहिली. १८९२ मध्ये पूर्ण झालेले तानसा धरण, त्यानंतरची मोडकसागर व भातसा ही धरणे, मुरबाडची औद्योगिक वसाहत आणि अलीकडचा समृद्धी महामार्ग ही त्याची ठळक उदाहरणे होत. महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. अशा प्रत्येक प्रकल्पात मोबदला कोणास मिळावयाचा हे प्रामुख्याने अभिलेखावरून ठरते. म्हणूनच या तालुक्यांत एका अक्षराची चूकही कुटुंबाच्या उपजीविकेचा प्रश्न बनू शकते.

संगणकीकरणाचे टप्पे :

केंद्र शासनाने १९८८-८९ मध्ये भूमिअभिलेख संगणकीकरणाची योजना सुरू केली. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमिअभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला व २०१६ पासून तो डिजिटल इंडिया भूमिअभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम या नावाने ओळखला जाऊ लागला. महाराष्ट्रात प्रारंभी हस्तलिखित सातबारावरून माहिती भरण्यात आली. त्यातून नावांतील अशुद्धे, क्षेत्राच्या बेरजेतील तफावत, आकारबंदाशी न जुळणारे आकडे व सुटलेले शेरे असे दोष पुढे आले.

हे दोष केवळ संगणकाने निर्माण केले असे म्हणणे अनैतिहासिक ठरेल. हस्तलिखित सातबाराचेही ठरावीक वर्षांनी पुनर्लेखन होत असे आणि त्या प्रत्येक वेळी नोंदी सुटण्याचा धोका होता. संगणकीकरण हे या दीर्घ मालिकेतील आणखी एक पुनर्लेखन होते. फरक एवढाच की पूर्वीची चूक एका सजेपुरती मर्यादित राही आणि तलाठ्याच्या हस्ताक्षरामुळे तिचा माग लागे. संगणकातील चूक स्वच्छ छापील रूपात येते व वाचणाऱ्यास ती निर्दोष भासते.

या अनुभवातून राज्य शासनाने ‘एडिट’ व ‘री-एडिट’ या आज्ञावलींद्वारे दुरुस्तीचे काम हाती घेतले. संगणकीकृत सातबारा हस्तलिखिताशी जुळत असल्याची घोषणापत्रे घेण्यात आली. २०१७ मध्ये चावडी वाचनाची मोहीम राबवून संगणकीकृत उतारे गावकऱ्यांसमोर वाचण्यात आले. या मोहिमेचे महत्त्व विशेष आहे. अत्याधुनिक प्रणालीच्या अचूकतेसाठी प्रशासनाला पुन्हा चावडीवरच यावे लागले. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाराचा प्रारंभ झाला आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर लागू झाली. जुन्या अभिलेखांचे स्कॅनिंग करून ते ऑनलाइन उपलब्ध करण्याच्या उपक्रमात प्रथम निवडलेल्या सात जिल्ह्यांत ठाणे जिल्ह्याचा समावेश होता. यामुळे शहापूर किंवा मुरबाडच्या खातेदाराला आजचा उतारा व त्यामागील जुना फेरफार ताडून पाहण्याची सोय झाली.

न बजावलेल्या कागदाचा प्रश्न :

अभिलेख व्यवस्थापनातील एक गंभीर उणीव खाजगी वनांच्या प्रश्नातून स्पष्ट होते. भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५(३) खालील जुन्या नोटिसांच्या आधारे, महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ नुसार ३० ऑगस्ट १९७५ या नियत दिनांकापासून जमिनी शासनाकडे निहित झाल्याचे मानले गेले. पुढे अनेक दशकांनी ठाणे जिल्ह्यातील अनेक सातबारांवर तशी नोंद घेतली गेली. मुंबईतील विक्रोळी येथील जमिनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०१४ रोजी महत्त्वाचा निर्णय दिला. केवळ नोटीस निघाली एवढे पुरेसे नाही, ती बजावली गेली पाहिजे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. नोटीस दप्तरात असणे आणि तिच्या बजावणीची पोच दप्तरात असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मुख्य कागद स्कॅन करून पोच, लिफाफा व शेरा ‘किरकोळ’ म्हणून वगळणाऱ्या प्रत्येक संस्थेने हा निर्णय ध्यानात ठेवावा.

वनहक्क अधिनियम, २००६ ने या प्रश्नाला दुसरी बाजू दिली. १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा सिद्ध करण्यासाठी २००८ च्या नियमांनी शासकीय कागदपत्रांबरोबरच गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन व स्थळावरील भौतिक खुणा यांनाही पुरावा मानले. ज्या समाजाला अभिलेखाने दीर्घकाळ बाहेर ठेवले, त्याच्या बाबतीत अभिलेखाचा अभाव म्हणजे हक्काचा अभाव ठरू नये, हे तत्त्व त्यातून मान्य झाले.

संस्था व व्यवसायांसाठी उत्तम कार्यपद्धती :

मुरबाडचा लघुउद्योग, गावची पतसंस्था, विविध कार्यकारी सेवा सोसायटी किंवा महाविद्यालयाचे कार्यालय यांचे दप्तर आकाराने लहान असले तरी प्रश्न तेच आहेत. केंद्र शासनाने जून २०२२ मध्ये प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास मान्यता दिल्यामुळे ते अधिक निकडीचे झाले आहेत. वरील विवेचनावरून पुढील सूत्रे मांडता येतात.

१) आधी वर्गीकरण, मग स्कॅनिंग : शासकीय कार्यालयांतील अभिलेखांचे अ, ब, क, ड वर्गीकरण व सहा गठ्ठा पद्धत यांमागे मुदत व महत्त्व ठरवण्याचा विचार आहे. १९८० च्या दशकात तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील ‘लखिना पॅटर्न’ने संगणकाविनाच कार्यालयीन शिस्त आणता येते हे दाखवले. विस्कळीत दप्तर स्कॅन केल्याने केवळ विस्कळीत संगणक तयार होतो.

२) समासाची काळजी : शेरे, पोच, जोडपत्रे व मागील बाजूचा मजकूर यांना मुख्य मजकुराइतकेच महत्त्व द्यावे. पडताळणीचा नमुना निवडताना सोप्या नोंदींपेक्षा गुंतागुंतीच्या नोंदी अधिक घ्याव्यात.

३) संबंधितांसमोर वाचन : सभासद, कर्मचारी वा विद्यार्थी यांना आपली नोंद पाहण्याची व हरकत घेण्याची मुदत द्यावी. चावडी वाचनाचे तत्त्व पतसंस्थेच्या वार्षिक सभेतही अमलात आणता येते.

४) दुरुस्तीचा माग : चुकीची नोंद पुसून टाकू नये. जुनी नोंद, बदल करणारी व्यक्ती, दिनांक व आदेश हे कायम दिसावेत. कंस व वर्तुळाची जुनी पद्धत हेच सांगते.

५) कायदेशीर ग्राह्यता : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेख व स्वाक्षरीस मान्यता दिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असा अभिलेख न्यायालयात सादर करताना विहित प्रमाणपत्र आवश्यक असते. त्याची तयारी वाद उद्भवण्यापूर्वीच असावी.

६) मूळ कागदाचे जतन : पडताळणी पूर्ण झाल्याशिवाय व जतनाची मुदत संपल्याशिवाय मूळ दप्तर नष्ट करू नये. मोडी कागदपत्रांच्या बाबतीत तर केवळ प्रतिमा पुरेशी नसून ती वाचू शकणारी व्यक्ती घडवणेही तितकेच आवश्यक आहे. या कामी महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना मोठी संधी आहे.

निष्कर्ष :

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने अभिलेखांची सूची व अनुक्रमणिका करणे आणि ते संगणकीकृत करणे ही सार्वजनिक प्राधिकरणाची जबाबदारी ठरवली आहे. शहापूर व मुरबाडच्या संदर्भातील भूमिअभिलेखांचा इतिहास असे दर्शवतो की, अभिलेखाची विश्वासार्हता त्याच्या माध्यमातून येत नाही. ती नोंद, सूचना, हरकत व प्रमाणन या सार्वजनिक प्रक्रियेतून येते. इंटरनेटवरून उतारा काढण्यासाठी आता तलाठी, म्हणजेच २०२४ पासूनच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या कार्यालयात हेलपाटे घालावे लागत नाहीत, हा लाभ निश्चितच मोठा आहे. तथापि उतारा वाचता न येणाऱ्या कातकरी किंवा ठाकूर कुटुंबाला त्यावर काय लिहिले आहे आणि काय लिहावयाचे राहिले आहे, हे समजावून सांगणारी व्यवस्था त्याबरोबर उभी राहिली पाहिजे. इलेक्ट्रॉनिक अभिलेख व्यवस्थापनाचे यश किती पाने स्कॅन झाली यावर न मोजता, ‘इतर हक्क’ स्तंभातील सर्वांत दुर्बल नाव सुखरूप नव्या दप्तरात पोहोचले की नाही, यावर मोजणे अधिक उचित ठरेल.