मधला खांब

आमच्या गावचा रस्ता रुंद झाला, पण विजेचा खांब होता तिथेच राहिला. आधी कडेला होता, आता बरोब्बर मध्ये! मागच्या पावसाळ्यात लाईट गेलेली असताना काका स्कूटरसकट त्यावर आदळले. सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये. रस्तावाले म्हणतात, खांब त्यांचा, त्यांनी हलवावा. वीजवाले म्हणतात, रस्ता त्यांना हवाय, पैसे त्यांनी भरावेत.

खरंच, कोणी भरायचे? शोधायला बसलो तर हा वाद शंभर वर्षांहून जुना निघाला.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली. पावसाचं पाणीसुद्धा पंपाने उपसावं लागतं. १८९६ साली तिथे पाण्याच्या निचऱ्यासाठी खास मंडळ स्थापन झालं. खोदकामाच्या वाटेत गॅस कंपनीचे पाईप आले. कंपनीने ते हलवले आणि खर्च वसूल करायला मंडळावर दावा ठोकला. १९०५ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, रस्त्याखाली पाईप टाकायची परवानगी म्हणजे अमुक एका जागेवर कायमचा हक्क नव्हे. शहराच्या आरोग्याचं काम निघालं की स्वखर्चाने सरकायचं.

मग आला १९५६ चा महामार्ग कायदा. आंतरराज्य महामार्गांचा ९० टक्के खर्च केंद्राचा. राज्याने खांब-पाईप हलवण्याचे पैसे कंपन्यांना दिले, तर त्यातलाही वाटा केंद्र उचलणार. झालं! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. एकेक राज्य कंपन्यांना भरपाई देणारे कायदे करू लागलं. १९५८ साली मिनेसोटाच्या कोर्टाने असा कायदा उचलून धरला, तर त्याच वर्षी टेनेसीच्या कोर्टाने तो घटनाबाह्य ठरवला. प्रश्न एक, उत्तरं दोन.

मला विचाराल तर दोन्ही उत्तरांत पैसे आपलेच. कंपनीने भरले तर बिलातून, सरकारने भरले तर करातून. म्हणून "कोणी भरायचे" यापेक्षा मला न्यू ऑर्लिन्समधला क्रम महत्त्वाचा वाटतो. तिथे आधी पाईप हलले, भांडण मागाहून कोर्टात झालं. आमच्याकडे भांडण आधी, आणि ते मिटेपर्यंत खांब रस्त्यात.

असो. काका आता काठी घेऊन चालतात. खांबाला कोणीतरी पांढरा-लाल रंग फासलाय. त्याचे पैसे कोणी दिले, ते मात्र कोणीच विचारलं नाही.