टाकळीभानचा कर्णधार

नेवाशाचे नाव निघाले की आपण मराठीचे अध्यापक पैसाच्या खांबापाशी थांबतो, आणि शके 1212 च्या पलीकडे फारसे जात नाही. परंतु नेवासे-श्रीरामपूर वाटेवरील टाकळीभानचा एक तरुण, अस्लम इनामदार, 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत पुणेरी पलटणचा कर्णधार म्हणून प्रो कबड्डीचा चषक उचलत होता. या घटनेची नोंद आमच्यासारख्यांच्या वहीतही असावी, असे आम्हांस वाटते.

या यशाची पूर्वपीठिका पराभवाची आहे. 17 डिसेंबर 2022 रोजी मुंबईत पलटण अंतिम सामन्यात जयपूरकडून 33-29 अशी हरली. दुखापतीमुळे अस्लम त्या दिवशी मैदानात नव्हता. पुढे ऑक्टोबर 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने इराणला नमवले, तेव्हा अस्लम भारताकडून होता व मोहम्मदरेझा शाडलू इराणकडून. अंतिम सामना नियमाच्या वादापायी बराच वेळ खोळंबला होता. दोनच महिन्यांनी हे दोघे एकाच पलटणीत उभे राहिले! लिलावात पलटणने शाडलूसाठी 2 कोटी 35 लाख मोजले होते. व्यावसायिक खेळ निष्ठेची व्याख्या किती सहज बदलतो, हे यातून दिसते. मात्र आम्ही त्याबद्दल नाक मुरडणार नाही.

प्रशिक्षक बी. सी. रमेश यांच्या या संघाने 22 साखळी सामन्यांपैकी 17 जिंकले, 3 बरोबरीत सोडवले, अवघे 2 गमावले. 96 गुणांसह अव्वल राहून थेट उपांत्य फेरी. तेथे पाटण्यावर 37-21. हरियाणाविरुद्धचा अंतिम सामना मात्र चढायांपेक्षा पकडींचा झाला. गुण इतके सावकाश पडत होते की जुन्या हुतूतूची, मातीतल्या दमाच्या खेळाची आठवण यावी. पहिल्या डावाच्या अखेरीस पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण आणले, आणि आमच्या मते सामना तेथेच वळला. शेवट 28-25. पलटणचे हे पहिलेच विजेतेपद. हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू अस्लम ठरला, तर सर्वोत्तम बचावपटू शाडलू.

पुढच्या हंगामात अस्लमला पुन्हा दुखापत झाली, पलटण बाद फेरीही गाठू शकली नाही, आणि 29 डिसेंबर 2024 रोजी चषक हरियाणाने नेला. त्यांच्या संघात तेव्हा शाडलू होता.