अमिगा: पायरसीनं खरंच एक कॉम्प्युटर बुडवला का?

१९८५ साली कमोडोर कंपनीनं अमिगा नावाचा कॉम्प्युटर आणला. ऑफिसातले पीसी तेव्हा मोजक्या रंगांत चित्रं दाखवायचे आणि आवाजाच्या नावाखाली नुसतं 'बीप' करायचे. अमिगाकडे ४,०९६ रंग होते आणि एकाच वेळी चार आवाज काढणारी चिप होती. १९८७ मध्ये त्याचं स्वस्त भावंड, अमिगा ५००, आलं आणि ब्रिटन-जर्मनीतल्या घराघरांत पोरांच्या खोलीत जाऊन बसलं. पण १९९४ मध्ये कमोडोरचं दिवाळं निघालं. दोष कोणाचा, पायरसीचा की कंपनीचा, हा वाद अमिगाप्रेमींमध्ये अजून मिटलेला नाही.

अमिगाचे गेम ८८० किलोबाइटच्या फ्लॉपीवर यायचे. एक्स-कॉपी नावाचं सॉफ्टवेअर चालवून कोरी फ्लॉपी घातली, की काही मिनिटांत दुसरी प्रत तयार. कंपन्यांनीही कुलपं लावून पाहिली. साध्या ड्राइव्हला लिहिता येणार नाहीत असे ट्रॅक फ्लॉपीवर टाकले. 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' या १९९० च्या गेमसोबत तर पुठ्ठ्याची चकती मिळायची. ती फिरवून स्क्रीनवरच्या समुद्री चाच्याचा चेहरा जुळवायचा आणि उत्तर टाइप करायचं, तरच गेम सुरू. पायरेट्सना रोखायला पायरेट्सचेच चेहरे!

ही कुलपं तोडणं हाच काही पोरांचा छंद होता. नॉर्वेची रेझर १९११, स्वीडनची फेअरलाइट अशा टोळ्या फोडलेल्या गेमच्या सुरुवातीला आपली नाचणारी अक्षरं आणि संगीत टाकायच्या. त्यातूनच पुढे डेमोसीन ही कला उभी राहिली. 'बॅटलफील्ड' बनवणारी डाइस कंपनी १९९२ मध्ये अमिगाच्या अशाच एका डेमो ग्रुपमधल्या पोरांनी काढली.

आता पैशाचं गणित. समजा, एक गेम बनवायला १० लाख रुपये लागले आणि एका प्रतीमागे कंपनीच्या हातात १०० रुपये पडतात. म्हणजे खर्च निघायला १०,००० प्रती खपायला हव्यात. मोठ्या प्लॅटफॉर्मवर गेम हवा असणारे १ लाख लोक आहेत. त्यातल्या ८० टक्क्यांनी कॉपी केली, तरी २०,००० प्रती विकल्या जातात आणि १० लाख नफा होतो. छोट्या प्लॅटफॉर्मवर असे २०,०००च लोक. पायरसी तेवढीच, ८० टक्के. विकल्या जातात ४,००० प्रती आणि ६ लाखांचा खड्डा पडतो. अर्थात, फुकट घेणारा प्रत्येक जण एरवी पैसे मोजणारच होता असं नाही. शाळकरी पोराच्या खिशात तेवढे पैसे नसायचेच. पण इथे त्या १६,००० फुकट्यांपैकी ६,००० जणांनी जरी गेम विकत घेतला असता, तरी खर्च निघाला असता.

मग कंपन्या खर्च वाचवायला लागल्या. अमिगा आणि अटारी एसटी यांचा प्रोसेसर एकच, मोटोरोला ६८०००. त्यामुळे कित्येक गेम अटारीसाठी बनायचे आणि जसेच्या तसे अमिगावर यायचे. अमिगाच्या खास चिप्स पडून राहायच्या. असल्या गेमला पैसे कशाला द्यायचे, असं म्हणून लोक आणखी कॉपी करायचे. दुसरीकडे सेगा-निन्टेंडोची कार्ट्रिज घरी बसून कॉपी होत नव्हती. डेव्हलपर तिकडे वळले.

पण सगळं खापर पायरसीवर फोडणं सोयीचं आहे, बरोबर नाही. पीसीवरही पायरसी होतीच. १९७६ मध्ये बिल गेट्सनी कॉम्प्युटरच्या हौशी मंडळींना जाहीर पत्र लिहून तक्रार केली होती, की अल्टेअर वापरणाऱ्यांपैकी १० टक्क्यांहून कमी लोकांनी बेसिक विकत घेतलंय. तरी मायक्रोसॉफ्ट मोठी झाली, कारण पुढे तिला पैसे कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्यांकडून मिळू लागले. कमोडोर मात्र सुस्तावली. पीसीला १९८७ मध्ये व्हीजीए ग्राफिक्स आणि १९८९ मध्ये साउंड ब्लास्टर मिळालं. अमिगाला ग्राफिक्सची खऱ्या अर्थानं नवी चिप मिळायला १९९२ उजाडलं.

डिसेंबर १९९३ मध्ये पीसीवर 'डूम' आला. अमिगाच्या ग्राफिक्सची रचना त्या पद्धतीच्या वेगवान थ्रीडी खेळाला अडचणीची होती. गंमत म्हणजे 'डूम'चा पहिला भाग कंपनीनंच फुकट सोडला होता, खुशाल कॉपी करून वाटा म्हणून. पुढचे भाग विकत होते. पीसीवाले इतके होते, की त्यातल्या थोड्यांनी पैसे भरले तरी भागत होतं. चारेक महिन्यांनी, २९ एप्रिल १९९४ ला, कमोडोरनं दिवाळखोरी जाहीर केली.