ऑफसाइडच्या नियमाचें पूर्ववृत्त

सुवर्णमहोत्सवाच्या तयारीनिमित्त गेल्या वर्षीं आपल्या धर्मग्रामांतील बारा वर्षांखालील मुलांचे फुटबॉलचे सामने झाले, तेव्हां पंचाची शिट्टी माझ्या हातीं होती. एका मुलानें केलेला गोल मीं ऑफसाइड म्हणून नाकारला. मुलगा रडत घरीं गेला. आणि मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या कांहीं वडीलधाऱ्या मंडळींनीं त्यास 'लबाड' म्हटलेलें माझ्या कानांवर आलें. रात्रीं नियमांचें पुस्तक उघडलें आणि माझीच चूक माझ्या ध्यानांत आली. सोबत्यानें चेंडू मारला त्या क्षणीं हा मुलगा कोठें होता हें पाहावयाचें, तें मीं पाहिलेंच नव्हतें. चेंडू त्याच्या पायाशीं आला तेव्हां तो कोठें होता एवढेंच पाहून मीं शिट्टी फुंकली. दुसऱ्या दिवशीं त्याच्या घरीं जाऊन मीं तसें सांगितलें. तथापि 'लबाड' हा शब्द मनांतून जाईना. नियमाचा इतिहास चाळूं लागलों, तों असें आढळलें कीं हा डाग नियमाच्या जन्मापासूनच त्याला चिकटलेला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडांतील ईटन, हॅरो, रग्बी, विंचेस्टर इत्यादि निवासी शाळांपैकीं प्रत्येकीचा फुटबॉल निराळा होता. सर्वांनीं मिळून झुंडीनें चेंडू पुढें रेटावयाचा, हा त्या खेळाचा प्राण. अशा वेळीं जो मुलगा झुंडीबाहेर राहून प्रतिपक्षाच्या गोलाजवळ चेंडूची वाट पाहत उभा राही, तो इतरांच्या श्रमांचें फळ आयतें खाणारा ठरे. ईटनच्या १८४७ सालच्या नियमांत या वागण्यास जें नांव दिलें आहे, त्याचा अर्थ 'चोरपावलांनीं सरकणें' असा होतो. चेंडू मागें, आणि पुढें प्रतिपक्षाचे तीन किंवा त्याहूनही कमी गडी, अशा जागीं सांपडलेला मुलगा दोषी समजला जाई. येथें वाद गोलांच्या संख्येचा नव्हता, अब्रूचा होता.

पुढें २६ ऑक्टोबर १८६३ रोजीं लंडनमधील फ्रीमेसन्स टॅव्हर्न येथें फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली. (खानावळींत बसून क्रीडानीति ठरविणें हें इंग्रजांनाच साधावें!) त्याच वर्षीं डिसेंबरांत तिनें पहिले नियम केले. त्यांतील सहावा नियम फार कडक होता: स्वपक्षानें मारलेल्या चेंडूच्या पुढें जो असेल तो खेळाबाहेर. म्हणजे पुढें उभ्या असलेल्या सोबत्याला चेंडू देतांच येत नसे. रग्बीचा खेळ आजही बहुतांशीं याच तत्त्वावर चालतो. १८६६ सालीं असोसिएशननें हात सैल केला. चेंडू मारतांना गड्याच्या पुढें प्रतिपक्षाचे निदान तीन गडी असतील, तर तो निर्दोष. या एका सवलतीनें पुढें पास देण्याची वाट मोकळी झाली, आणि आज आपण ज्याला फुटबॉल म्हणतों तो खेळ जन्मास येऊं शकला.

हिंदुस्थानांत हा खेळ रुजला तो तीन गड्यांच्या नियमाच्या काळांतच. १८९१ सालीं मुंबईस रोव्हर्स कप सुरू झाला तेव्हां तोच नियम होता. २९ जुलै १९११ रोजीं कलकत्त्यास मोहन बागाननें ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा २-१ असा पराभव केला, तोही याच नियमाखालीं.

१९०७ सालीं आणखी एक सूट मिळाली: मैदानाच्या स्वतःच्या अर्ध्या भागांत कोणीही ऑफसाइड होऊं शकत नाहीं. परंतु नियमाचा दुरुपयोग आतां बचाव करणाऱ्यांकडून होऊं लागला. न्यूकॅसलचा बिल मॅक्रॅकन नेमक्या क्षणीं पुढें सरके आणि हल्ला करणारा आपोआप ऑफसाइड ठरे. तें पाहून इतर संघही तसेंच करूं लागले. गोल आटले, शिट्ट्या वाढल्या, प्रेक्षक कंटाळले. पूर्वी चोरपावलांचा आरोप हल्ला करणाऱ्यावर असे. आतां चोरपावलांनीं सरकणारा बचाववाला निघाला, आणि त्याला मात्र कोणी लबाड म्हणेना! अखेर १९२५ सालीं तिनाऐवजीं दोन गडी पुरेसे ठरले. इंग्लंडच्या पहिल्या विभागांत १९२४-२५ च्या हंगामांत ११९२ गोल झाले होते. पुढल्याच हंगामांत ते १७०३ झाले. ३ ऑक्टोबर १९२५ रोजीं न्यूकॅसलनें आर्सेनलला ७-० असें धुतलें, तेव्हां आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमन यांनीं मधल्या गड्याला मागें खेंचून तिसरा बचाववाला केलें, आणि ती रचना पुढें सर्वत्र पसरली. १९९० पासून प्रतिपक्षाच्या शेवटून दुसऱ्या गड्याच्या बरोबरीनें असलेलाही निर्दोष मानला जातो.

आजचा नियम असा: सोबती चेंडूला स्पर्श करतो त्या क्षणीं जो गडी प्रतिपक्षाच्या अर्ध्या भागांत असून चेंडूपेक्षां आणि शेवटून दुसऱ्या गड्यापेक्षां गोलरेषेच्या अधिक जवळ असेल, तो ऑफसाइडच्या जागीं. हात यांत मोजीत नाहींत. गोलकीपर बहुधा शेवटचा असतो. पण असलाच पाहिजे असें नाहीं. गोल-किक, थ्रो-इन आणि कॉर्नर यांतून थेट आलेल्या चेंडूवर ऑफसाइड नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें, त्या जागीं नुसतें असणें हा गुन्हाच नव्हे. तेथून खेळांत भाग घेतला, प्रतिपक्षाच्या आड आला किंवा खांबाला वा कीपरला लागून परतलेल्या चेंडूचा लाभ उठविला, तरच शिक्षा. आणि तीही केवळ एक अप्रत्यक्ष फ्री-किक. पिवळें कार्ड त्यासाठीं नाहीं.

लहान मुलांच्या बाबतींत तर नियम आणखी सैल झाला आहे. इंग्लंडांत चिमुकल्यांच्या मिनी-सॉकरमध्यें ऑफसाइड ठेवलेलाच नाहीं. अमेरिकेंत चार-चार जणांच्या खेळांत तो नाहीं. सात-सात जणांच्या खेळांत २०१७ सालीं मध्यरेषा आणि गोल यांच्या दरम्यान एक जादा रेषा आंखण्याची पद्धत आली, आणि त्या रेषेपलीकडेच ऑफसाइड धरावा असें ठरलें. मला हें योग्य वाटतें. सात वर्षांच्या पोरानें चेंडू पाहावा कीं पाठीमागचा गडी? 'मग तें गोलाशीं तळ ठोकून बसेल' असें कांहीं पालक म्हणतात. बसूं द्यावें, चेंडू तिकडे येत नाहीं असें दिसलें कीं तें आपणच उठून धांवूं लागतें.

आपल्या क्रीडासमितीनें यंदापासून आठ वर्षांखालील मुलांच्या सामन्यांत ऑफसाइड न पुकारण्याचें ठरविलें आहे. मोठ्या मुलांच्या सामन्यांत शिट्टी पुन्हां माझ्याच हातीं राहणार असून रेषेवर दोन साहाय्यक उभे राहतील. तो मुलगा आघाडीस खेळणार आहे.