दोघे परतले, बाकीच्यांचं काय?



भजनी मंडळात असलेल्यांना हे माहीत असेल. अभंग तुकोबांचा, पेटी एकीची, आवाज दुसरीचा; पण ती चाल अशी ठेक्यात कुणी बसवली, हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नसतं. आज गोष्ट सांगणार आहे ती फार लांबची, ऑस्ट्रेलियातली. पण मुद्दा त्याच वहीचा आहे.

ब्रिस्बेन शहरात १९७७ साली रॉबर्ट फॉर्स्टर आणि ग्रँट मॅक्लेनन या विद्यापीठातल्या दोन मित्रांनी एक बँड काढला. नाव 'द गो-बिटवीन्स'. ग्रँटला तेव्हा काही वाजवता येत नव्हतं, रॉबर्टनं त्याला बास गिटार शिकवली. गाणी दोघेही लिहीत. १९८० साली त्यांना ड्रम वाजवणारी मिळाली, लिंडी मॉरिसन. दोघांपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. आधी समाजसेविका म्हणून आदिवासींच्या कायदेविषयक मदतीचं काम केलेली, नंतर बायकांच्याच एका बँडमध्ये वाजवलेली. त्या काळी क्वीन्सलँडमध्ये सरकारनं रस्त्यावरच्या मोर्चांवर बंदी घातली होती. अशा गावात ही मोठ्यानं बोलणारी, मोठ्यानं हसणारी बाई. काही वर्षं ती आणि रॉबर्ट जोडीदारही होते.

त्यांचं एक गाणं आहे, 'कॅटल अँड केन', १९८३ सालचं. ग्रँटच्या लहानपणच्या आठवणींचं. त्याची चाल मोजायला गेलात तर आवर्तन अकरा मात्रांचं निघतं. आपल्याकडे अकरा मात्रांचा रुद्र ताल आहे, पण तोही रोजच्या गाण्यात कुठे ऐकू येतो? रॉक संगीत तर बहुतेक चाराच्या हिशोबानं चालतं. त्या आडव्या चालीवर लिंडीनं असे ड्रम बसवले, की ऐकणाऱ्याला काही अडखळत नाही, फक्त काहीतरी वेगळं चाललंय एवढं जाणवतं. २००१ साली ऑस्ट्रेलियातल्या तीस उत्तम गाण्यांची यादी निघाली, तिच्यात हे गाणं होतं. पण गाण्यावर नाव लिहिणाऱ्यांचं लागतं. रेडिओवर गाणं वाजलं की लिहिणाऱ्याला त्याचा वाटा जातो. ताल बसवणारीला त्या वाट्यातलं काही मिळत नाही.

पुढे १९८६ च्या सुमाराला अमांडा ब्राउन आली. व्हायोलिन वाजवायची, गायची, आणि ओबोसुद्धा, म्हणजे आपल्या सनईच्या जातीचं वाद्य. ती आणि ग्रँट एकत्र राहत. सहा अल्बम झाले, नाव झालं, पैसा मात्र बेताचाच. मग १९८९ च्या डिसेंबरात दोन्ही मित्रांनी आपसात ठरवलं, की बँड बंद. रॉबर्टनं लिंडीला सांगितलं, ग्रँटनं अमांडाला. म्हणजे निर्णय दोघांचा आणि बातमी दोघींना. अमांडानं त्याच वेळी ग्रँटचं घर सोडलं. पुढे दोघींनी मिळून स्वतःचा बँड काढला.

दहा-अकरा वर्षं गेली. रॉबर्ट आणि ग्रँटनं आपापले अल्बम काढले, चारचार. मग ते पुन्हा एकत्र आले आणि २००० साली 'द फ्रेंड्स ऑफ रेचल वर्थ' हा अल्बम आला, जुन्याच नावानं. दहा गाणी, पाच याची, पाच त्याची. ध्वनिमुद्रण अमेरिकेत, पोर्टलंडला. साथीला 'स्लीटर-किनी' या तीन बायकांच्या बँडमधल्या बायका, त्यात ड्रमवर जॅनेट वाइस. अल्बम चांगला आहे, हे मी मोकळेपणानं म्हणते. दोन मोठे झालेले पुरुष, तरुण दिसायची धडपड न करता, साध्या गिटारवर गातात. एक गाणं तर पॅटी स्मिथ या गायिकेवरच आहे.

म्हणजे साथीला बायका होत्या, गाण्यात बाई होती. लिंडी आणि अमांडा नव्हत्या. तरी सगळीकडे म्हटलं गेलं, की 'बँड परत आला'.

गाणी लिहिणाऱ्यांना आपल्या मित्राबरोबर पुन्हा बसावंसं वाटलं, यात चूक काय? काहीच नाही. त्यांनी स्वतःच्या नावानं अल्बम काढला असता तर मी ही गोष्ट सांगितलीही नसती. पण त्या नावात नऊ वर्षांचा लिंडीचा घाम होता.

पुढचे दोन अल्बमही झाले. २००५ च्या 'ओशन्स अपार्ट'ला ऑस्ट्रेलियातला मोठा संगीत पुरस्कार मिळाला. आणि ६ मे २००६ ला, घरी पाहुणे यायचे होते त्याच दिवशी, ग्रँट झोपेतच गेला. वय ४८. रॉबर्टनं नंतर पुस्तक लिहिलं, 'ग्रँट अँड आय'. मैत्रीचं पुस्तक, मनापासून लिहिलेलं. नावातच दोघे.

दुसरी बाजू यायला २०२१ उजाडावं लागलं. गायिका ट्रेसी थॉर्न हिनं लिंडीवर पुस्तक लिहिलं. तिची लिंडीशी मैत्री १९८३ पासूनची. दोन पुरुषांच्या मैत्रीची गोष्ट रंगवताना मधली बाई कशी पुसली जाते, हे तिनं त्यात उलगडून दाखवलंय. लिंडी मात्र पुसलं जाण्याची वाट बघत बसली नव्हती. अडचणीत सापडलेल्या कलावंतांना मदत करण्याचं काम ती वर्षानुवर्षं करत होती, आणि २०१३ साली त्यासाठी तिला सरकारी सन्मानपदकही मिळालं.

ब्रिस्बेन नदीवर २०१० साली एक पूल सुरू झाला, 'गो बिटवीन ब्रिज'. त्याला नाव दिलं ते बँडचं, कुणा एकाचं नाही.

ऐकणार असाल तर आधी 'कॅटल अँड केन' ऐका, मग २००० सालचा अल्बम. शब्द नाही कळले तरी चालतील. कान ड्रमकडे ठेवा.