गेल्या महिन्याची किल्ली: एनिग्मापासून गिटपर्यंत

१/ किल्ली बदलली की गुपित सुरक्षित झाले, असा आपला समज असतो. इतिहासाचा अनुभव वेगळा आहे. आजचा धागा एका शिळ्या किल्लीविषयी. 🧵

२/ दुसऱ्या महायुद्धात जर्मन नौदल एनिग्मा यंत्राने संदेश कूटबद्ध करीत असे. कोणती चक्रे कोणत्या क्रमाने बसवायची, कोणत्या तारा कुठे जोडायच्या, हे महिन्याच्या छापील तक्त्यात दिलेले असे. हा तक्ता म्हणजेच किल्ली. जहाज शत्रूच्या हाती पडलेच, तर अक्षरे धुऊन जावीत म्हणून ती पाण्यात विरघळणाऱ्या शाईने छापलेली असत.

३/ ४ मार्च १९४१. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर ब्रिटिशांनी छापा घातला आणि ‘क्रेब्स’ हे सशस्त्र ट्रॉलर त्यांच्या हाती लागले. यंत्र आधीच समुद्रात फेकले गेले होते. फेब्रुवारीचे तक्ते मात्र जहाजावरच राहिले.

४/ फेब्रुवारी तर सरला होता. मग या तक्त्यांचा उपयोग काय? ब्रिटिशांनी आकाशवाणी लहरींतून टिपलेले फेब्रुवारीचे न उलगडलेले संदेश जपून ठेवले होते. ब्लेचली पार्कच्या ‘हट ८’मध्ये अॅलन ट्युरिंग यांच्या गटाने ते मार्चमध्ये वाचून काढले.

५/ जर्मनांचा मार्चचा तक्ता नवा होता. पण नवी किल्ली मागे जाऊन जुन्या संदेशांना कुलूप घालू शकत नाही.

६/ किल्ली सुरक्षितपणे पोहोचवावी कशी, या जुन्या प्रश्नाला १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी नवी दिशा दिली: कुलूप लावण्याची किल्ली जाहीर, उघडण्याची खासगी. १९७७ मध्ये आरएसए पद्धतीने ही कल्पना व्यवहारात उतरवली.

७/ २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी गिट निर्माण केले. त्यात फाइलची प्रत्येक आवृत्ती टिकून राहते. पासवर्डसारख्या फाइली त्यात ठेवायच्या, तर ‘गिट-क्रिप्ट’सारखे साधन त्या एका सामाईक किल्लीने कूटबद्ध करते. ही किल्ली प्रत्येक सदस्याच्या जाहीर किल्लीने स्वतंत्रपणे बंद करून त्याच भांडारात ठेवता येते.

८/ एखादा सदस्य गट सोडून गेला, तर? यादीतून त्याचे नाव वगळता येईल, सामाईक किल्लीही बदलता येईल. परंतु भांडाराची त्याच्याकडील प्रत आणि जुनी किल्ली त्याच्याजवळच राहते. जुन्या सर्व आवृत्त्या तो केव्हाही उघडू शकतो. ‘क्रेब्स’वरचा फेब्रुवारी पुन्हा अवतरतो!

९/ उपाय एकच: किल्लीबरोबर आतले गुपितही बदलावे. पासवर्ड नवा केला की जुनी फाइल कोणी वाचली तरी हाती निरुपयोगी अक्षरेच येतात. धाडलेला संदेश बदलण्याची सोय जर्मन नौदलाला नव्हती. आपल्याला ती आहे.