गळाला काय लावायचं?

बाराव्या शतकात कल्याणीच्या गादीवर बसलेल्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्याने राजाच्या करमणुकींची यादी लिहून काढली, तेव्हा हत्ती, घोडे, मल्ल आणि कोंबड्यांच्या झुंजी यांच्या पंगतीत त्याने मासेमारीलाही पाट मांडला. ग्रंथाचं नाव ‘मानसोल्लास’, काळ साधारण इ.स. ११३०. मराठी वाचकाला हा संस्कृत ग्रंथ आठवतो तो त्यात सापडलेल्या अगदी जुन्या मराठी ओळींमुळे; फार तर त्यातल्या खाद्यपदार्थांमुळे. पण त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचा एक भाग आहे आणि तो गळ टाकणाऱ्या कोणाही माणसाने एकदा तरी चाळावा असा आहे.

सोमेश्वराने माशांचे पस्तीसेक प्रकार सांगितले. खवल्यांचे, बिनखवल्यांचे, समुद्रातले, नदीतले, मोठे, लहान. मग त्याने काठी कशी असावी, दोरी कशी असावी, गळ कसा असावा हे सांगितलं. आणि खरी मेख म्हणजे कोणता मासा काय खातो, त्याप्रमाणे त्याला काय घालावं, एका जागी चारा टाकून माशांना तिथे येण्याची सवय कशी लावावी, याचा हिशेब मांडला. आधी माशाचं पोट ओळखा, मग गळाला हात घाला, हा त्या साऱ्याचा मथितार्थ. ‘मानसोल्लास’ची छापील आवृत्ती बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन श्रीगोंदेकरांनी संपादित केली, पहिला खंड १९२५ साली आला. पण मासेमारीच्या दृष्टीने त्याकडे पाहिलं ते सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने. १९५१ साली एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी या प्रकरणावर लेख लिहिला, तेव्हा कुठे लोकांच्या ध्यानात आलं, की गळाची मासेमारी हा साहेबाने आणलेला छंद नव्हे.

कल्याणी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. इथे ज्याची गोष्ट सांगायची तो परभणी जिल्ह्यातला गोदाकाठ याच चालुक्यांच्या आणि पुढे यादवांच्या राज्यातला. गंगाखेड तालुक्यात धारासूरला गोदावरीच्या काठावर गुप्तेश्वराचं जे कोरीव मंदिर उभं आहे, ते याच दोन राजवटींच्या काळातलं. त्या मंदिराचे दगड घडवणारे हात संध्याकाळी नदीत काय टाकून मासे धरत होते, हे कोणी कोरून ठेवलेलं नाही. राजाचा छंद ग्रंथात गेला, भोयाचं पोट कुठेच गेलं नाही. इतिहासाची ही जुनी खोड आहे.

भोई समाजाची कामंही तशी ऋतूप्रमाणे बदलणारी. पालखी-मेणा वाहणं, नदीत मासे धरणं, तलावात शिंगाडे लावणं, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वाळूत टरबूज-खरबुजाच्या वाड्या करणं. पालखी मोटारीने घालवली; जाळं आणि वाडी राहिली. गळ हे त्यांच्या घरात मुख्य हत्यार नव्हतंच. पोट भरायचं तर जाळंच हवं. गळ असायचा तो म्हातारा माणूस, पोरगा किंवा रात्रीपुरता दोरीला ओळीने गळ बांधून सोडणारा गडी यांच्या हातात. पण आमिषाचं ज्ञान खरं याच लोकांकडे. जाळं माशाला न विचारता धरतं, गळ विचारून धरतो. आणि विचारायचं तर माशाची आवड ठाऊक असावी लागते.

धरणं बांधून, बंधारे घालून नदीचं रूप पालटण्याआधीची गोदावरी आणि तिची उपनदी पूर्णा डोळ्यांसमोर आणली, तर ही आवड समजायला सोपी जाते. पावसाळ्यात दुथडी, काळ्या मातीने गढूळ, दिवाळीनंतर निवळशंख, उन्हाळ्यात वाळूचं पात्र आणि मधे मधे डोह. मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला की ओढ्या-नाल्यांतून उलट्या धारेने वर चढणारे मासे. डोहात मरळ, शिवडा, शिंगाळा, वाम. मरळ काठाच्या गवताशी दबा धरून बसणारी, बेडकावर तुटून पडणारी. वाम दगडांच्या फटीत, गांडुळाला हमखास भुलणारी. शिवडा तोंड पसरून लहान मासा गिळणारा. म्हणून गळाला जिवंत बेडूक, गांडूळ, चिंगळी मासोळी, झिंगा, खेकड्याचा तुकडा. हे सारं त्याच पाण्यातलं किंवा त्याच्या काठावरचं, विकत काही आणायचं नाही. तरंगायला वाळलेल्या ज्वारीच्या धाटाचा तुकडा पुरेसा.

त्यातल्या खेकड्याची नोंद मात्र लंडनपर्यंत गेली. कर्नल विल्यम सायक्स हा कंपनीच्या मुंबई लष्करातला अधिकारी दख्खनची आकडेवारी गोळा करत हिंडला आणि जाता जाता पक्षी, मासे, खेकडे सगळंच टिपत राहिला. बिळात राहणाऱ्या इथल्या खेकड्याचं वर्णन १८३६ साली लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या अहवालात त्याच्या निरीक्षणांसह छापून आलं. नाव दिलं इंग्रज कीटकशास्त्रज्ञ वेस्टवुडने. आज शास्त्रज्ञ त्याला ‘बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस’ म्हणतात. पुढे हाच खेकडा आणि ‘मॅक्रोब्रॅकियम’ जातीचा गोड्या पाण्यातला झिंगा हे दोघे औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतले नेहमीचे पाहुणे झाले. त्यांच्या श्वसनावर, कात टाकण्यावर, प्रजननावर १९७० नंतरच्या दोन दशकांत तिथून शोधनिबंधांची रांग लागली. नाल्याच्या काठचं गळाचं आमिष असं थेट सूक्ष्मदर्शकाखाली गेलं.

याच सायक्सने दख्खनच्या माशांवरही लिहिलं. ‘खुद्री’, ‘कोलस’ अशी कोळ्यांच्या तोंडची नावं त्याने लॅटिन नावांत तशीच ठेवली. दख्खनचा महाशीर आजही ‘टोर खुद्री’ म्हणूनच ओळखला जातो. या माशाच्या जबड्यात दात नसतात; असतात ते घशात, आणि शंख-खेकडे तो तिथे भरडतो. १८७३ साली मंगळूरहून ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक काढणारा मद्रास इलाख्यातला सनदी अधिकारी हेन्री सलिवन थॉमस महाशीराच्या मागे वेडा झाला होता, आणि त्याच्यासारख्या साहेबांनी गळाला धातूचा चमचा लावण्याची तऱ्हा इथे रुळवली. चमचा पाण्यात फिरतो, लकाकतो, माशाला वाटतं मासोळी पळते आहे. न खाता येणारं आमिष हिंदुस्थानात चालू झालं ते बहुधा अशाच हातांनी. मराठवाडा तेव्हा निजामाच्या मुलखात. चमच्यांचा हा नाद गोदाकाठी फारसा पोचला नाही.

मग धरणं आली. पूर्णेवर जिंतूर तालुक्यात येलदरीचं धरण १९६८ साली उभं राहिलं. उपयुक्त साठा सुमारे ८१० दशलक्ष घनमीटर, पायथ्याशी वीजघर. वर पैठणला जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी तो प्रकल्प राष्ट्राला अर्पण केला. सेलूजवळ दुधनेवर निम्न दुधना झाला. अलीकडे ढालेगाव, तारुगव्हाण, मुद्गल, डिग्रस या बंधाऱ्यांनी परभणीतली गोदावरी तुकड्या-तुकड्यांची तळी करून टाकली. वाहती नदी गेली, साचलेलं पाणी आलं.

पाणी बदललं तसे मासे बदलले. यात एक तारीख मोलाची आहे : १० जुलै १९५७. त्या दिवशी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्प माशांकडून अंडी घालून घेतली. तोवर मत्स्यबीज म्हणजे बंगालच्या नद्यांतून गोळा करून रेल्वेने आणायचं प्रकरण. आता कटला, रोहू, मृगळ यांचं बीज केंद्रात तयार होऊ लागलं आणि जलाशयांत सोडलं जाऊ लागलं. त्याच दशकात सायप्रिनस, गवत्या, चंदेरा हे परदेशी पाहुणे आले. १९५२ साली आलेली चिलापी तर कोणी न बोलावताही जिकडेतिकडे झाली. हे बहुतेक शेवाळ, चिखल, वनस्पती, बारीकसारीक खाणारे. त्यांना बेडूक कशाला? गळाला मग कणकेची गोळी आली, शेंगदाण्याची पेंड आली, हिंगाचा वास आला. येलदरीच्या काठावर आज डब्यात मळलेली कणीक घेऊन बसलेला माणूस दिसतो तो परंपरा पाळतो आहे असं वाटतं. प्रत्यक्षात त्याची कणीक धरणाएवढीच जुनी आहे, आणि तरी सोमेश्वराच्या चाऱ्याच्या गोळ्यांशी तिचं गोत्र जुळतं. कल्याणीच्या राजालाही साचलेल्या पाण्यातल्या शाकाहारी माशांचीही मनधरणी करायची होती, एवढाच याचा अर्थ असावा.

बेडूक-गांडूळ आणि कणीक यांच्यामागून तिसरी लाट आली ती अमेरिकेतून, कुरिअरने. ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन हे टायर-रबराचं शहर. तिथल्या निक क्रीम नावाच्या यंत्रकारागिराने बायको कॉस्मा हिच्या मदतीने १९४९ साली विनाईल, तेल आणि रंग शिजवून गांडुळासारखं मऊ आमिष ओतलं आणि दोन वर्षांत ते टपालाने विकायला काढलं. त्यांचं गिऱ्हाईक बास हा उत्तर अमेरिकेतला शिकारी मासा. बासच्या पोटात हमखास सापडणारी दुसरी गोष्ट म्हणजे क्रॉफिश, गोड्या पाण्यातला नांगीवाला झिंगा म्हणावा असा प्राणी. म्हणून गांडुळामागून मऊ प्लॅस्टिकचे क्रॉफिश निघाले. तीन-चार इंच लांब, दोन नांग्या, मिशा, कड्याकड्यांची शेपटी. मिठाने, बडीशेपेच्या वासाने मुरवलेले. गढूळ पाण्याला काळे-निळे, स्वच्छ पाण्याला हिरवट-तपकिरी. सपाट, फडफडणाऱ्या नांग्यांचा जिथे मासा भुकेला आहे तिथे. सरळ, गप्प नांग्यांचा जिथे थंडीने मासा सुस्त आहे तिथे. असले हिशेब तिकडचे गळकरी तोंडपाठ करतात.

गंमत अशी, की भारतात देशी क्रॉफिश नाहीतच. पूर्वेकडे ते अमूर नदीच्या खोऱ्यात, कोरिया-जपानकडे आणि पार न्यू गिनीत. लुइझियानाचा लाल क्रॉफिश १९२७ साली बेडकांचं खाद्य म्हणून जपानला गेला, तिथून चीनला पोचला आणि आता तिथे उपद्रव होऊन बसला. गोदावरी-पूर्णेतल्या कोणत्याही माशाच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी हा प्राणी पाहिलेला नाही. बासही इथे नाही. तरी हौशी पोरं ऑनलाइन मागवलेलं पाकीट फोडतात, नांग्या वाऱ्यावर हलवून बघतात आणि पाण्यात टाकतात.

आणि मासा कधी कधी घेतोही. याचं कारण आमिष हातात धरून पाहिलं तर सापडतं. गळ घातला जातो तो शेपटीच्या टोकाकडून, त्यामुळे ओढताना शेपटी पुढे आणि नांग्या मागे फरफटत येतात. क्रॉफिश घाबरला की असाच शेपटी आपटत मागच्या मागे उडी मारतो. पूर्णेतला झिंगाही नेमका हेच करतो. इथल्या खेकड्याची चाल मात्र आडवी. म्हणजे प्लॅस्टिकचा क्रॉफिश परभणीच्या पाण्यात खेकड्याची नव्हे, झिंग्याची नक्कल ठरतो. ज्याला हे उमगलं तो भल्या मोठ्या नांग्यांचा लाल भडक नमुना घेणार नाही. तो सडपातळ, मिशा लांब, रंगाने पाणेरी-तपकिरी असा निवडेल. हवं तर नांग्या नखाने खुडून अर्ध्या करेल. श्रावणात काळी माती पाण्यात उतरलेली असताना गडद रंग, माघात पाणी निवळलं की फिका. दगड-गोट्यांच्या तळाशी, बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, दोन बोटं ओढायचा आणि थांबवायचा.

मरळीसाठी मात्र क्रॉफिशचं नावही काढू नये. तिला बेडूकच हवा, आणि प्लॅस्टिक-रबराच्या पोकळ बेडकांनी महाराष्ट्रातल्या गळकऱ्यांत जे बस्तान बसवलं ते याच कारणाने. गवतावरून, जलपर्णीवरून तो सरकत नेता येतो, गळाची टोकं पाठीला चिकटलेली असल्याने अडकत नाही. जिवंत बेडूक दोऱ्याला बांधण्याची जुनी क्रूर रीत यामुळे मागे पडली तर ते बरंच झालं.

दुसरी बाजूही आहे. तुटलेलं गांडूळ चिखलात मिसळून जातं, तुटलेलं प्लॅस्टिक फुगून तळाशी पडून राहतं. तेच आमिष गिळलेला मासा पोटात घेऊन हिंडतो. शिवाय येलदरीसारख्या जलाशयांतली मासेमारी मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना ठेक्याने दिली जाते. बीज सोडण्याचा खर्च त्यांचा, जाळ्यांची राखण त्यांची, आणि पाणी आटलं तर बुडणारा पैसाही त्यांचाच. शहरातून रीळ-काठी घेऊन आलेल्या हौशी माणसाकडे काठावरचा भोई संशयाने बघतो, यात नवल नाही. संस्थेच्या माणसाला विचारून बसणारे मोजकेच. जे विचारतात त्यांना बहुतेक वेळा परवानगीबरोबर आणखी एक गोष्ट फुकट मिळते : या आठवड्यात कोणत्या खाचेत झिंगा चढलाय, आणि त्याच्या मागे शिवडा कुठवर आलाय.